‘आवाज’ नावाचं फोल्डर

प्रोजेक्टरचा पडदा खाली ओढून मास्तरांनी त्याची कडी खुर्चीच्या पाठीत अडकवली. पडद्याची स्प्रिंग केव्हाच बिघडली होती. हात सोडला की तो सर्रकन वर जायचा. खुर्ची उचलली जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्यावर जुन्या कीबोर्डांचं खोकं ठेवलं आणि मागे सरकून पाहिलं. पडदा राहिला. सकाळपासून सांगितल्यासारखं झालेलं हे पहिलंच काम.

"सर, एक शंका आहे," पुढच्या बाकावरून आवाज आला.

"मी अजून काही शिकवलंच नाही."

"म्हणून तर आत्ता विचारतो. नंतर राहून जाते."

मास्तरांनी हसण्याचा प्रयत्न केला, पण तो फारसा साधला नाही.

ही खोली वाचनालयाच्या तळघरात होती. एकच खिडकी, तीही छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. वर्ग सुरू झाला तेव्हा इथे खुर्च्या कमी पडल्या होत्या. संगणकाच्या पडद्यावर काळी खिडकी उघडायची, तिच्यात अक्षरं टाइप करून त्याला कमांड द्यायची; चार कमांड एका फाइलीत लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट, मग तीच कामं तो न कंटाळता करतो. एवढं ऐकल्यावर लोक विचारायचे, पण माउस असताना हे कशाला? मास्तरांचा उभा जन्म या काळ्या खिडकीसमोर गेला होता आणि तिच्यात काय गोडी आहे ते दुसऱ्याला पटवून देता येत नाही, हे त्यांना इथे येऊन कळलं. एकेक जण गळत गेला. आता दोघंच उरली होती.

एक शंकासूर. हे नाव मास्तरांनी ठेवलेलं, अर्थात मनातल्या मनात. निवृत्त कारकून; घरी बसून सुनेच्या पायात येण्यापेक्षा इथे आलेलं बरं, म्हणून यायचे. दुसऱ्या लाँड्रीवाल्या बाई. त्या खिडकीखालच्या टेबलाशी बसत. त्यांच्या गळ्याभोवती सुती रुमाल असायचा आणि रुमालाखाली, गळ्याच्या खळगीत, श्वास घ्यायचं छिद्र. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी प्रत्येकाला विचारलं होतं, हे शिकून काय करणार? शंकासूर म्हणाले, मेंदूला गंज चढू नये म्हणून आलो. बाईंनी पिशवीतून लहान मुलांची पांढरी पाटी काढली, मार्करने एक शब्द लिहिला आणि पाटी सगळ्यांकडे वळवून धरली. ‘बोलणार.’

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत जो वेळ गेला, तो बाईंनी सत्कारणी लावला होता. दुकानाच्या मागच्या खोलीत, टांगलेल्या कोटांच्या मधोमध उभं राहून, म्हणजे आवाज घुमत नाही, त्यांनी फोनवर स्वतःची वाक्यं भरून ठेवली. ‘शुक्रवारी मिळतील.’ ‘डाग जाईल याची हमी नाही.’ ‘बटण आधीच तुटलेलं होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं.’ घरची वाक्यं वेगळी. ‘अहो, ऐकलं का.’ ‘जेवायला चला, किती वेळा सांगायचं.’ मुलीसाठी ‘पोचलीस की फोन कर’, आणि मग, फोन आला तर बोलणार कोण हे लक्षात आल्यावर, ‘पोचलीस की मेसेज कर’. नातीसाठी रंगांची नावं आणि ‘शहाणी गं माझी बाई ती’. नवऱ्याने मागून सांगितलं, माझ्यावर ओरडलेलंही थोडं ठेव, नाहीतर घर सुनं वाटेल. तेही ठेवलं, आणि थोडं नाही, पुष्कळ ठेवलं. शेकडो वाक्यं झाली. प्रत्येक फाइलीला बाईंनी इंग्रजी अक्षरांत मराठी नाव दिलं. जावयाने सगळ्या फाइली एका लॅपटॉपवर उतरवून दिल्या आणि तो जुना फोन नव्याच्या बदल्यात दुकानात देऊन टाकला.

अडचण एवढीच की गिऱ्हाईक समोर उभं असताना त्या शेकडो नावांतून हवं ते वाक्य शोधेपर्यंत गिऱ्हाईक चालू पडायचं. पाटी होती, पण नवरा इस्त्री करायचा तो काउंटरकडे पाठ करून, आणि पाठीला डोळे नसतात. फोनमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय असते, ती मुलीने लावून दिली. त्यातली बाई बातम्या सांगितल्यासारखी बोलायची. नात घाबरून आईच्या मागे लपली. बाईंनी ती सोय त्याच दिवशी काढून टाकायला लावली.

"तुम्ही दोन-तीन अक्षरं टाइप करायची आणि एंटर दाबायचं," मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं. "तुमचाच आवाज बोलेल. आपण स्क्रिप्ट लिहू."

हे सांगताना त्यांना स्वतःलाच फार बरं वाटलं होतं. त्यांच्या स्क्रिप्टांनी आजवर कंपन्यांचे पगार काढले, गोदामांतला माल मोजला, रात्रंदिवस कुठल्या कुठल्या यंत्रांवर नजर ठेवली. वाचा कुणाला दिली नव्हती.

ती स्क्रिप्ट आज पुरी व्हायची होती. बाई कडक इस्त्रीचे कपडे घालून आल्या होत्या, आणि आल्या आल्या त्यांनी पाटी दाखवली. ‘आज हे येणारेत. दुकान लवकर बंद करून. ऐकायला.’ खाली एक रेघ मारलेली होती.

"येऊ द्या की," मास्तर म्हणाले.

त्यांनी ते नेहमीच्या सुरात म्हणायचा प्रयत्न केला. सकाळी वाचनालयाच्या व्यवस्थापक बाईंनी त्यांना वर बोलावून घेतलं होतं. त्या चांगल्या होत्या. वाईट बातमी देताना माणसाला आधी बसायला सांगायच्या. महिनाअखेरीस हा वर्ग बंद करू या, त्या म्हणाल्या. तळघराची खोली चित्रकलेच्या मुलांना हवी आहे. आणि सर, खरं सांगू का, आता लोक संगणकाला साध्या बोलीत काय हवं ते सांगतात आणि तो स्वतःच कमांड लिहून देतो. शिकायचं कशाला, असं म्हणतात. तुमच्या शिकवण्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही हं.

तक्रार असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना जिना उतरताना वाटलं. आधी कंपनीला त्यांची गरज उरली नाही, मग लोकांना त्यांच्या विद्येची. ते खाली येऊन बराच वेळ दिवे न लावता बसले होते. आपण आयुष्यभर जे केलं ते कुणाला नकोच होतं, ही गोष्ट अंधारात बसून जास्त स्पष्ट दिसते.

आता त्यांनी दिवे लावले होते, पडदा बांधला होता आणि त्यावर त्यांच्या संगणकाची काळी खिडकी दिसत होती.

"आज आपण लूप करू," त्यांनी सुरुवात केली. "एकच काम शंभर वेळा करायचं असेल तर शंभर वेळा लिहायचं नाही. एकदा लिहायचं आणि संगणकाला सांगायचं, या घरातल्या प्रत्येकासाठी हे कर. ताईंच्या फाइली आत्ता फोटो, बिलं, जावईबापूंचं काय काय, या सगळ्यात मिसळलेल्या आहेत. त्या आधी एका फोल्डरमध्ये हलवू. फोल्डरचं नाव ‘आवाज’, इंग्रजी अक्षरांत. मग त्या फोल्डरमधून बोलणारी स्क्रिप्ट. मी माझ्याकडे नमुन्याच्या फाइली घेतल्या आहेत, तुम्ही तुमच्याकडे करा. काय करायचं सगळ्यात आधी?"

"आधी नक्कल, मग अक्कल," शंकासूर म्हणाले.

हे मास्तरांचंच वाक्य. कुठलाही अचाट प्रयोग करण्यापूर्वी फाइलींची एक प्रत बाजूला काढून ठेवायची, मग हवी तेवढी हुशारी दाखवायची. ते त्यांनी पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं. बाईंच्या फाइलींसाठी एक पेन ड्राइव्हही त्यांनी विकत आणून बॅगेत टाकला होता. पण बॅग टेबलाच्या त्या टोकाला होती, आणि आजचं काम फाइली एका जागेवरून दुसरीकडे ठेवण्याचं, त्यात कसला धोका.

"ते शेवटी करू," ते म्हणाले. "आधी फोल्डर."

त्यांनी फोल्डर बनवायची कमांड लिहिली, एंटर दाबलं. पडद्यावर ‘आवाज’ उमटलं. बाई एका बोटाने टाइप करत होत्या. एक अक्षर शोधायचं, पडद्याकडे बघायचं, मग पुढचं.

"सर, शंका," शंकासूर म्हणाले. "मी ‘आवाज’चा पहिला ए मोठा काढला आणि तुम्ही लहान काढलात. चालेल का?"

"चालेल. फक्त मग सगळीकडे मोठाच काढायचा."

"म्हणजे मोठ्या एचा आवाज आणि लहान एचा आवाज हे दोन वेगळे?"

"वेगळे."

"पण माणसाला कळतं ना, एकच आहे म्हणून."

"संगणक माणूस नाही, काका. सांगितलं तेवढंच करतो. त्याला नाही कळत. लोकांना वाटतं, आता त्याला सगळं कळायला लागलंय, म्हणून शिकायची गरज उरली नाही. तर तसं नाहीये."

स्वतःचा चढलेला सूर ऐकून ते पडद्याकडे वळले. शंकासुरांनी मान खाली घातली आणि मोठा ए खोडून लहान केला. खिडकीतून कुणाचे तरी बूट गेले, मागोमाग एका कुत्र्याचे पाय.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. बाईंचा नवरा कुठल्याही क्षणी येईल आणि स्क्रिप्ट अजून सुरूच झालेली नाही. त्यांनी पडद्यावर घाईघाईने लूप लिहिला. प्रत्येक ध्वनिफीत घे, ‘आवाज’मध्ये हलव, पुढची घे. एंटर दाबलं. नमुन्याच्या फाइली मुकाट्याने फोल्डरमध्ये जाऊन बसल्या. "बघा, एका ओळीत," ते म्हणाले. मग बाईंकडे पाहिलं, तर त्या अजून एका बोटाने काहीतरी शोधत होत्या.

"ताई, द्या इकडे. आज आपल्याला पुढे जायचंय."

बाई उठल्या नाहीत. त्यांनी अंगठीने टेबलावर दोनदा टकटक केलं. काही सांगायचं असलं की हीच त्यांची खूण.

"हो हो, दोन मिनिटं," मास्तर त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला. बाईंनी अर्धवट लिहिलेली ओळ त्यांनी पुसली आणि पडद्यावरचा लूप तसाच्या तसा टाइप केला. हे काम त्यांची बोटं झोपेतही करू शकली असती. पुन्हा टकटक झालं, या वेळी जोरात. मग मार्करचं टोपण निघाल्याचा आवाज, पाटीवर घाईने उमटणारी अक्षरं. मास्तर शेवटचा शब्द लिहीत होते. बाईंनी पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर, लॅपटॉपच्या पडद्यावरच आडवी धरली, तेव्हा त्यांचं बोट एंटरवरून नुकतंच उठलं होतं.

‘माझ्याकडे फोल्डर केलेलं नाही अजून.’

"झालं की हो," शंकासूर मागून डोकावत म्हणाले. "एवढ्यात झालं? अभिनंदन, ताई."

मास्तरांनी पाटी हळूच बाजूला केली. काळ्या खिडकीत काहीच तक्रार नव्हती. त्यांनी यादी मागितली. फोटो होते, बिलं होती, जावयाचं काय काय होतं, आणि ‘आवाज’ होता. त्यांनी ‘आवाज’च्या आत जायची कमांड दिली. संगणकाने उत्तर दिलं, हे फोल्डर नाही.

 फोल्डर मास्तरांनी आपल्या संगणकावर केलं होतं. भिंतीवर ते सगळ्यांना दिसत होतं आणि म्हणून ते सगळीकडे आहे असं त्यांच्या डोळ्यांनी धरून चाललं होतं. बाईंच्या लॅपटॉपवर तसं फोल्डर नव्हतंच. त्यामुळे संगणकाने सांगितलं तेवढंच केलं. पहिल्या फाइलीचं नाव बदलून ‘आवाज’ ठेवलं. दुसरीचं नावही ‘आवाज’ ठेवलं, आणि एका नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत म्हणून पहिली पुसली. मग तिसरी, मग चौथी. एकाच हँगरवर एकेक शर्ट चढवायचा आणि आधीचा फेकून द्यायचा, तसं तो शेवटापर्यंत करत गेला. नावाच्या पुढे एक तिरपी रेघ मारली असती, तर ‘असं फोल्डर नाही’ म्हणून तो अडला असता. ती रेघ मास्तर इतरांना आवर्जून मारायला सांगत. स्वतः आळस करत.

"सर?" शंकासूर म्हणाले.

 मास्तर बाईंच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसले आणि टाइप करू लागले. पुसलेल्या फाइली परत काढायची साधनं असतात, ती त्यांना पाठ होती. त्यांनी एक लावून पाहिलं, मग दुसरं. असल्या लॅपटॉपमध्ये चिपवरून एकदा पुसलेलं सहसा परत मिळत नाही, हेही त्यांना पाठ होतं. पडद्यावर टक्के सरकत होते आणि दरवेळी शेवटी शून्य येत होतं. एकदा काहीतरी सापडलं. त्यांनी ते वाजवलं. नुसती खरखर, आणि मग तीही बंद. बाईंनी त्या खरखरीकडे कान लावला होता. तो त्यांनी काढून घेतला तेव्हा मास्तरांना त्यांच्याकडे पाहवलं नाही.

शंकासुरांना आता सगळं समजलं होतं.  ते म्हणाले, "सर, शंका नाही. पाणी आणून देऊ का?"

"नको."

"ताई, तुम्हाला?"

बाईंनी मान हलवली. शंकासुरांनी आपली छत्री आणि वही गोळा केली, दाराशी जाऊन थांबले, आणि निघून गेले. जिन्यावर त्यांची पावलं फार हळू वाजली.

"ताई," मास्तर म्हणाले. जमिनीवर बसूनच. "तुमच्या फाइली गेल्या. माझ्या हातून गेल्या. तुम्ही सांगत होतात, मी थांबलो नाही."

बाई लॅपटॉपकडे बघत राहिल्या. रुमालाखालून त्यांचा श्वास ऐकू येत होता, नेहमीपेक्षा मोठा, दमलेल्या माणसासारखा.

"मी अजून प्रयत्न करतो. घरी नेतो लॅपटॉप, ओळखीच्यांना दाखवतो." आपण खोटं बोलतोय हे त्यांना बोलतानाच कळत होतं. "पण खरं सांगायचं तर परत येणार नाहीत."

जिन्यावर आता वेगळी पावलं वाजली, भराभर उतरणारी. दारात बाईंचा नवरा उभा राहिला. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. इस्त्रीच्या वाफेने हातावरचे केस उडालेले. डोक्यावरचे मात्र त्याने नीट विंचरले होते.

"उशीर नाही ना झाला? एक गिऱ्हाईक जाईचना. कोटाला सुरकुती आहे म्हणे. म्हटलं, अहो, ती कोटाची नाही, तुमची आहे." तो स्वतःच हसला, मग खुर्ची ओढून बायकोशेजारी बसला आणि हात मांडीवर ठेवले. "हं. चालू दे. काय म्हणतेस?"

 मास्तर उठून उभे राहिले. ज्याला हे सांगायचं त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसून राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून.

"माझ्या चुकीने ताईंच्या सगळ्या फाइली पुसल्या गेल्या," ते म्हणाले. "आत्ताच. एकच उरली आहे."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

"असं होय," तो म्हणाला. "मग काय एवढं, सर. पुन्हा भरू की. मागच्या खोलीत कोट आहेतच, तिथेच उभी राहील आणि…"

तो थांबला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

 मास्तरांना वाटलं, त्याने आपल्याला मारावं. निदान मोठ्याने काहीतरी बोलावं. पण तो माणूस गळ्यावर हात ठेवून जमिनीकडे बघत बसला होता, आणि ओरडायचं काम त्या घरात त्याचं कधी नव्हतंच.

बाईंनी पाटी मांडीवर घेतली. त्या लिहू लागल्या. मार्कर करकरत होता, एक ओळ, दुसरी, पाटीच्या कडेपर्यंत, मग जागा पुरेना म्हणून बारीक अक्षरांत खाली. त्यांचा हात इतका दाबून चालला होता की मार्करचं टोक वाकलं. मास्तर ते वाचायची वाट बघत उभे होते. वाचायला हवंच होतं त्यांना. निदान तेवढं तरी.

पाटी भरली. बाईंनी ती स्वतःशीच एकदा वाचली. मग उघड्या तळहाताने वरपासून खालपर्यंत पुसून टाकली.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी फाइल वाजवायची कमांड लिहिली. ती त्यांना येत होती, पहिल्याच आठवड्यात शिकलेली. पुढे लिहिलं, ‘आवाज’. एंटर दाबलं.

"झालं ते झालं. जाऊ द्या आता."

तो बाईंचा आवाज मास्तर पहिल्यांदाच नीट ऐकत होते. जरा जाड, मायाळू, शेवटच्या शब्दावर किंचित ओढलेला. मागे लांब कुठेतरी इस्त्रीची वाफ सुटली होती आणि कुणीतरी खोकलं होतं. कोट जळाला, ओढणीचा रंग गेला, गिऱ्हाईक हमरीतुमरीवर आलं, की काउंटरवर शेवटी म्हणायचं वाक्य. बाईंनी नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली होती, ‘झ’ला झेड. यादीत ते सगळ्यांच्या शेवटी होतं, म्हणून वाचलं.

मास्तरांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या आवाजातलं त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. डोळे कोरडे होते आणि सरळ त्यांच्यावर रोखलेले होते.

"तुम्हाला खरंच असं म्हणायचंय, ताई?"

बाईंनी वरचा बाण दाबला. आधीची कमांड पुन्हा समोर आली. एंटर.

"झालं ते झालं. जाऊ द्या आता."

तोच सूर, तीच वाफ, तोच खोकला.

"जाऊ द्या म्हणतेय ना ती, सर," नवरा खालमानेने म्हणाला. त्या आवाजाला हो म्हणायची त्याला सवय होती. तो उठला, बाईंची पिशवी खांद्याला लावली, मार्करचं टोपण शोधून लावलं. "चल. घरी जाऊ या."

बाई उठल्या नाहीत. पाटी त्यांच्या मांडीवर कोरी पडली होती. तळहात शाईने काळा झाला होता, त्यातल्या एकाही अक्षराचा आकार आता उरला नव्हता. मास्तरांवरची नजर न काढता त्यांनी त्याच हाताने पुन्हा वरचा बाण दाबला.